घरचा असेल तो बाद

आमच्या घरात न्याय फार होता. खायलाही कमी नव्हतं म्हणा. ज्वारी होती, दूध होतं, आणि माय बेसनाच्या पातोड्या अशा करायची की वास चावडीपर्यंत जायचा. पण ताटात पडलेलं आपल्याच पोटात जाईल याची खात्री नसे. जेवणाच्या वेळी गल्लीतलं एखादं पोरगं सोप्यात येऊन उभं राहिलं की आबा विचारायचे, "काय झालं बे?" ते नाक ओढत म्हणायचं, "तुमच्या गोदीनं माह्या चिंचा घेतल्या." झालं! मी त्या चिंचा डोळ्यांनी पाहिलेल्याही नसायच्या, पण माझ्या ताटातल्या दोन पातोड्या उचलून त्याच्या हातावर ठेवल्या जायच्या. मी भोकाड पसरलं की आबा समजुतीच्या सुरात म्हणायचे, "रडू नोको गोदे. म्या माह्या पोरीची बाजू घेतली तं लोक काय म्हन्तीन?" पुढे पुढे असं झालं की आमच्या चुलीवर पातोड्या चढल्या रे चढल्या की गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या चिंचा हरवायच्या.

आबा म्हणजे माझे वडील. मेहकरच्या अंगाला आमचं गाव, धाब्याची घरं, काळीभोर जमीन, आणि त्या जमिनीचा बऱ्यापैकी मोठा तुकडा आमचा. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा, आणि नागपुराहूनच एक दिवस लाल शिक्क्याचा कागद आला. आबा बिनपगारी मॅजिस्ट्रेट झाले. दर गुरुवारी चावडीला लागून असलेल्या खोलीत बसायचं आणि आसपासच्या गावांचे बारीकसारीक तंटे निवडायचे: कोणाचं ढोर कोणाच्या शेतात शिरलं, कोणी कोणाच्या मायबापाचा उद्धार केला, कोणी रस्त्यावर घाण टाकली. पगार नव्हता, पण मान होता, आणि मानावर माणूस किती पोसतो हे ज्याच्या घरात असा माणूस असतो त्यालाच ठाऊक.

त्यांच्यापुढे आलेला पहिलाच तंटा निघाला माझ्या मामाचा. मामाचा बैल एका माणसाच्या तुरीत शिरला अशी तक्रार होती. बैल त्या दिवशी आमच्याच गोठ्यात बांधलेला होता. मी स्वतः त्याला कडबा टाकला होता, आणि आबांनी जाता-येता त्याच्या पाठीवर थाप मारली होती. पण आबांनी मामाला दंड केला. का? तर तो मेहुणा. खोलीत जमलेली माणसं थक्क झाली. कोणीतरी मागून ओरडलं, "वा आबासाहेब! न्याव असावा तं असा! सख्ख्या साल्याले सोडलं नाही!" टाळ्या वाजल्या. मामा त्या दिवसापासून दिवाळीलाही आला नाही, पण आबा घरी आले ते दोन इंच उंच होऊन. मी आता ऐंशीच्या घरात आहे. आयुष्यात अफू खाणारे पाहिले, दारू पिणारे पाहिले, पत्त्यांपायी शेत घालवणारे पाहिले. टाळीसारखं व्यसन मी दुसरं पाहिलं नाही.

त्यानंतर आबांचा कायदा पक्का झाला. आपला असेल तो दोषी. ओळखीचा असेल तो निम्मा दोषी. आणि ज्याच्याशी आपलं वाकडं आहे तो निर्दोष, कारण त्याला शिक्षा केली तर लोक म्हणतील सूड घेतला. हा कायदा कुठल्या पुस्तकात नव्हता, पण गावात एक माणूस होता ज्याला तो तोंडपाठ झाला. ते म्हणजे मुन्शीजी. चावडीसमोरच्या निंबाखाली पत्र्याची पेटी मांडून बसायचे आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. दाढी मेंदीने रंगवलेली, डोळ्यांत कायम हसू. कोणी अर्ज लिहायला आला की ते आधी विचारायचे, "साहेबाशी तुहं कसं हाय? बरं हाय? मंग मेला तू! जाय, पयले भांडून ये."

अशी आमच्या घरी बुधवारची माणसं येऊ लागली. गुरुवारी ज्यांचा तंटा, ते बुधवारी संध्याकाळी सोप्यासमोर उभे राहून आबांना शिव्या घालून जायचे. माय आतून म्हणायची, "गोदे, बुधवारचे लोक आले. पानी ने." मी तांब्या घेऊन जायची. माणूस पाणी प्यायचा, तोंड पुसायचा आणि घसा साफ करून सुरू व्हायचा, "कायचा रे मोठा साहेब तू!" आबा डोळे मिटून ऐकायचे. दुसऱ्या दिवशी तो माणूस निर्दोष सुटायचा आणि आबांच्या मोठ्या मनाची चर्चा व्हायची. एकदा एक म्हातारा पिंजारी आला. आमच्या घरच्या गाद्या वर्षानुवर्षं तोच पिंजायचा. बिचारा उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मायला दया आली. ती दाराआडून सांगू लागली, "म्हना ना, चाचा, तुमी बेइमान हा." तो कानाला हात लावून म्हणाला, "तौबा, बाई! या घरचं अन्न खाल्लं म्या." दुसऱ्या दिवशी त्याला दंड झाला. रस्त्यावर कापूस उडवला म्हणून. कापूस उडवला होता शेजारच्या पिंजाऱ्याने, पण त्याने बुधवारी आबांच्या सात पिढ्यांचा हिशेब काढला होता.

एवढ्या कीर्तीचा माणूस शाळेच्या तावडीतून कसा सुटणार! हेडमास्तर दरवर्षी आबांना पोरांपुढे उभं करायचे, विषय ठरलेला: निष्पक्षपातीपणा. आबा घरून तराजू न्यायचे. एका पारड्यात आपला माणूस, एका पारड्यात परका, आणि मग आपल्या माणसाच्या पारड्यावर बोट ठेवून ते खाली दाबायचे. "असं!" एका पोराने विचारलं होतं, "पन साहेब, बोट काढलं तं तराजू बरोबर राह्यते ना?" त्याला वर्गाबाहेर उभं केलं. ते पोरगं पुढे अकोल्याला फार मोठा वकील झालं, हे मला ऐकून माहीत आहे, आणि ऐकून फार बरं वाटलं.

आता माझ्या भावाकडे येते. उत्तम माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पुस्तक उघडलं की त्याला झोप यायची, इंग्रजीत दोनदा नापास झालेला. आबांनी निक्षून सांगितलं होतं की हे शेवटचं वर्ष, मग नांगर धरायचा. पण आट्यापाट्यांत त्याच्या तोडीचं पोरगं पंचक्रोशीत नव्हतं. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: जमिनीवर एकामागे एक आडव्या रेघा आखायच्या, त्या पाट्या. प्रत्येक पाटीवर विरुद्ध बाजूचा एक गडी, त्याने आपली रेघ सोडायची नाही. हुलकावण्या देत साऱ्या पाट्या ओलांडायच्या आणि तशाच ओलांडत परत यायचं. अंगाला हात लागला की बाद. जाऊन परत आला तो लोण घेऊन आला. उत्तम पाटीपुढे उभा राहिला की त्याचा खांदा एकीकडे जायचा, डोळे दुसरीकडे, आणि तो स्वतः तिसरीकडून निघून गेलेला असायचा. घरात मान खाली घालून वावरणारा माझा भाऊ तिथे राजा होता हो! मला तो इतका आवडायचा की पाहताना पापणी लवायची नाही.

त्या वर्षी शेजारच्या तालुक्याच्या पोरांशी आमच्या शाळेचा सामना ठरला, आणि अमरावतीच्या एका हायस्कुलाचे ड्रिल मास्तर तो पाहायला आले. त्यांना आपल्या संघासाठी एकच पोरगा हवा होता. राहणं, जेवण, फी, सारं शाळेकडून, आणि अभ्यासात कच्चा असला तर वर शिकवणी. त्यांनी मैदानावर सर्वांसमक्ष सांगितलं, "जो लोण आणेल, त्याला मी घेऊन जातो. सामन्यानंतरच्या गुरुवारी दुपारच्या मोटारीने निघतो, पोरगा तयार ठेवा." उत्तमच्या सगळ्या आयुष्याला एवढंच एक दार उघडलं होतं, आणि ते त्याला पुरेसं होतं.

पंच कोण? पाहुण्यांचे मास्तर हात जोडून म्हणाले, "आबासाहेब असताना दुसऱ्याचं नाव कशाला? असा निष्पक्ष माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही." आमच्या बाजूच्या पोरांचे चेहरे पडले. आमचे हेडमास्तर चाचरत म्हणाले की साहेबांना त्रास कशाला, पण आबांच्या कानात तोवर टाळ्या वाजू लागल्या होत्या. सामना रविवारी होता. त्याच्या आधीच्या बुधवारी मुन्शीजींनी उत्तमला निंबाखाली बोलावून घेतलं. मी सोबत होते.

"बेटा, आज बुधवार हाय," मुन्शीजी म्हणाले. "जाय, बापाशी भांड. लोकायसमोर भांड. दोन-चार असे बोल सुनव की गाव म्हन्लं पाह्यजे, हे पोरगं बापाचं राह्यलंच नाही. मंग तुले कोनी बाद करत नाही."

"मी खेळून जिंकतो ना, मुन्शीजी," उत्तम म्हणाला.

"खेळून तं तू जिंकशीनच बेटा. खेळाचं नाही बोलून राह्यलो मी."

संध्याकाळी तो खरंच बुधवारच्या माणसांच्या मागे सोप्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याची पाळी आली. आबांनी सवयीने डोळे मिटले. उत्तमने मुठी आवळल्या, तोंड उघडलं, आणि म्हणाला, "आबा, जेवले काय?" माय आत चुलीपाशी मट्कन खाली बसली.

रविवारी मैदानाभोवती बाजारासारखी गर्दी. मी शेवटच्या पाटीच्या अगदी टोकाशी बसले होते, रेघेवरचा चुना माझ्या पायाला लागत होता. उत्तम गेला आणि परत फिरला. एकेक पाटी मागे पडत गेली आणि एकच उरली. त्या पाटीवर पाहुण्यांचा सगळ्यात उंच गडी होता. त्याने झेप घेतली, उत्तमने कंबर वळवली, आणि त्या गड्याचा हात हवेतून गेला. माझ्या कोपरापासून बोटापर्यंत जेवढं अंतर, तेवढा हात दूर होता. उत्तमने "लोण!" अशी आरोळी ठोकायला तोंड उघडलं, आणि आबांची शिट्टी वाजली.

"बाद!"

मग तो उंच गडीच पुढे आला. देव त्याचं भलं करो, मला त्याचं नावही माहीत नाही. तो म्हणाला, "साहेब, माहा हात लागला नाही." आबा म्हणाले, "तू दया दाखवतोस म्हणून निकाल फिरत नाही." मी ओरडले, "आबा, म्या पायलं! नाही लागला!" आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "घरच्यांची साक्ष चालत नाही," ते म्हणाले, आणि मागून कोणीतरी सुरू केलंच, "वा! पोटच्या पोराले सोडलं नाही!" टाळ्या कडाडल्या. आमच्या गावची माणसं स्वतःचा संघ हरल्याबद्दल टाळ्या वाजवत होती. आता माझा पणतू टीव्हीवर क्रिकेट पाहतो, तिथे तोच चेंडू चार-चार वेळा फिरवून दाखवतात. तो विचारतो, "पणजी, तुमच्या वेळेस असं होतं का?" मी म्हणते, नव्हतं बाबा, आणि असतं तरी आमच्या आबांनी चारही वेळा बादच दिलं असतं.

ड्रिल मास्तर भला माणूस. त्यांनी मुन्शीजींना सांगितलं, "मलाही शंका आहे. पण पंचाने एकदा सांगितलं की संपलं. पंच स्वतः लिहून देत असतील की चूक झाली, तर मी पोराला नेतो. नाहीतर तो उंच मुलगा नेईन." माय ते ऐकून रात्रीच्या जेवणाच्या वेळी आबांशी बोलली. तिने एवढंच म्हटलं, "दोन अक्षरं लिहून द्या." आबांनी हातातला घास खाली ठेवला. "मी माह्या पोरासाठी लिहून देऊ? अन् लोक?" तीन दिवस माय बोलली नाही. चुलीवर रोज ज्वारीची भाकर आणि ठेचा, दुसरं काही नाही. उत्तम जेवला तर जेवला.

गुरुवारी सकाळी मायने लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढला, दशम्यांचं गाठोडं उत्तमच्या हाती दिलं, मला बोटाला धरलं आणि घरातून निघाली ती थेट आबांच्या कोर्टात. गावातली कुठली बाई तोवर त्या खोलीत आपल्या पायाने गेली नव्हती. अर्ज मुन्शीजींनी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. पट्टेवाला आयुष्यभर आमच्याकडचं ताक प्यालेला. त्याने पुकारा केला तो जवळजवळ कुजबुजत, "फिर्यादी... उत्तमची माय... हाजीर हो."

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे काय आहे? खेळातला तंटा कोर्टात चालत नाही."

"मंग कुठी चालते?" माय म्हणाली. "घरी सांगाले आली तं तुमी म्हन्ता लोक काय म्हन्तीन. म्हनून लोकायतच येऊन उभी राह्यली. आता इचारा लोकायले."

खोली खच्चून भरली होती. मुन्शीजी पुढे झाले. "हुजूर, फिर्यादी तुमच्या घरची. पोरगा तुमच्या घरचा. अन् ज्याच्यावर इल्जाम हाय तो पंच, तोही तुमच्याच घरचा. आता तुमी कोनाच्या इरुद्ध जाता, ते आमाले पाहू द्या."

हशा पिकला. आबा हसले नाहीत. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "गोदे, काय पाहिलं तू?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं होतं. मी म्हणाले, "हात लागला नव्हता, आबा. इतका दूर होता." मी माझा हात पुढे करून कोपरापासून अंतर दाखवलं.

"हो," आबा म्हणाले. "मला दिसलं होतं."

तोवर मी समजत होते की त्यांच्या डोळ्यांची चूक झाली. चष्म्याची नजर, धूळ, गर्दी. मला त्या क्षणी जो राग आला, तो आज साठ-सत्तर वर्षांनीही पुरता गेलेला नाही. मायने विचारलं, "मंग शिट्टी काऊन वाजवली?" आबा अगदी साधेपणाने म्हणाले, "पोरगा माझा होता."

मुन्शीजींनी कोरा कागद पुढे सरकवला. "हुजूर, दोन ओळी. हात लागला नव्हता, पंचाची चूक. बस. मोटार उभी हाय."

पण आबांनी तो कागद बाजूला सारला आणि कोर्टाचा जाड कागद मागवला. "कारणं दिल्याशिवाय निकाल म्हणजे मनमानी," ते म्हणाले, आणि टाक दौतीत बुडवला. ते लिहू लागले. फिर्यादीचं म्हणणं. आरोपीचं म्हणणं. मैदानाची लांबी-रुंदी. उन्हाची दिशा. मोटारीचा पहिला भोंगा वाजला तेव्हा ते तिसऱ्या पानावर होते. उत्तम गाठोडं घेऊन दाराबाहेर उभा, एकदा मोटारीकडे बघायचा, एकदा आत. मुन्शीजी पायजमा सावरत मोटारीकडे पळाले. ड्रायव्हर थांबला, ड्रिल मास्तर थांबले, उतारूंनी आरडाओरडा केला. दुसरा भोंगा वाजला. माय टेबलाला हात टेकून म्हणाली, "अवो, आतातरी द्या!" आबा मान वर न करता म्हणाले, "घाईत न्याय होत नसतो." तिसऱ्या भोंग्यानंतर मोटारीचा आवाज ओढ्याच्या बाजूने हळूहळू कमी होत गेला. त्या उंच पोराला वाटेत त्याच्या गावाहून घ्यायचं होतं. अजून किती उशीर करणार?

निकाल अकरा पानांचा झाला. आबा उभे राहून वाचू लागले, आणि काय वाचलं हो! स्वतःची एक चूक त्यांनी लपवली नाही. शेवटी म्हणाले, "सबब, उत्तम बाद नव्हता. पंचाने जाणूनबुजून चुकीचा निकाल दिला, सबब पंचास ठपका देण्यात येत आहे." खोली उठून उभी राहिली. "वा! वा! सोताच्या इरुद्ध निकाल!" मेहकरहून आलेला एक वकील म्हणाला की असा न्याय वऱ्हाडात पुन्हा होणे नाही. कोणीतरी हार आणायला धावलं. मी आबांकडे पाहत होते. आधी त्यांचे डोळे भरले होते, हे मी शपथेवर सांगते. मग टाळ्या वाढत गेल्या, आणि त्यांची मान हळूहळू वर आली.

उत्तम बाहेर निंबाच्या पारावर बसला होता. मुन्शीजींनी निकालाची शिक्क्याची नक्कल आणून त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"मुन्शीजी, यानं मोटार वापस येते काय?"

"नाही बेटा."

"मंग आबाले द्या. त्याहिच्या कामी पडल."

आबांनी ती नक्कल काचेत बसवून सोप्याच्या भिंतीवर लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वाचून दाखवायचे, आणि माणसं माना डोलवायची. उत्तमने त्याच पेऱ्यापासून नांगर धरला. कधी उलट बोलला नाही, आबांचे पाय चेपले, शेवटच्या दुखण्यात त्यांना मांडीवर घेऊन पेज पाजली. पण त्या सोप्यातून तो पुन्हा कधी आत आला नाही. आबा गेले तोवर वर्षानुवर्षं तो मागच्या बाजूने, गोठ्यातूनच घरात यायचा. आणि आबा लोकांना कौतुकाने सांगायचे, आमच्या उत्तमला ढोरांची भारी माया!